घरात माणसं दोन, वायफायवर सतरा

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या समोरच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला, "अगं, संध्याकाळी मुलाशी व्हिडिओवर बोलायला बसलं की चित्र थिजतं. तो काय बोलतो तेच कळत नाही. नेटवाल्यांना दोनदा सांगितलं, ते म्हणतात लाइन बरोबर आहे. तू जरा येऊन बघशील का?"

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे आळीतली अशी कामं माझ्याकडे येतात. गेले. काकूंनी पोहे पुढे ठेवले आणि मी फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा टाकला. बहुतेक घरांत राउटरचं, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याचं, स्वतःचं पान ह्याच पत्त्यावर उघडतं, काही ठिकाणी १९२.१६८.०.१ वर. पानाने नाव आणि पासवर्ड मागितला. मी दोन्हीकडे 'अॅडमिन' लिहिलं आणि आत गेले. काकूंना काही विचारायची वेळसुद्धा आली नाही.

आत एक यादी असते, ह्या क्षणी कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत त्यांची. काकूंच्या यादीत सतरा नावं होती.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. घरातली पाच: दोघांचे फोन, काकांचा टॅबलेट, टीव्ही, आणि मुलाने दिवाळीत हॉलमध्ये लावून दिलेला कॅमेरा. मग काकूंना आठवलं, लॉकडाऊनमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका मुलाची ऑनलाइन परीक्षा होती, त्याचा डेटा संपला होता, तेव्हा त्याला पासवर्ड दिला होता. तो मुलगा केव्हाच खोली सोडून गेला. त्याच्यानंतर त्या खोलीत तीनदा भाडेकरू बदलले. पासवर्ड मात्र खोलीतच राहिला, एकाकडून दुसऱ्याकडे. आत्ता वर चार मुलं आहेत आणि चौघांचे फोन काकूंच्या यादीत आहेत. कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी दुपारी अभ्यासाला इथे बसते, तिचा एक. शेजारच्या फ्लॅटमधले दोन. बाराचा हिशेब लागला, पाच नावं उरली.

त्या पाचांबद्दल लगेच घाबरायचं कारण नाही, हेही सांगायला हवं. आजकालचे फोन वायफायला जोडताना स्वतःचा खरा ओळखक्रमांक लपवून एक बनावट क्रमांक देतात, खासगीपणासाठी. सेटिंग बदललं किंवा फोन बदलला की तोच माणूस यादीत दुसऱ्या क्रमांकाने दिसू शकतो, आणि काही राउटर जुनी नावं बराच वेळ पुसत नाहीत. म्हणजे पाच नावं म्हणजे पाच परके, असं होत नाही. पण एखादा परका असला तरी तो कोणता, हे आम्हा दोघींना सांगता येत नव्हतं.

इथे कोणी चोरी केलेली नाही, हे मला आधी मांडायचं आहे. वायफायच्या सुरक्षेचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीत बसलेला कोणी हॅकर येतो. मी आजवर जेवढ्या घरांत पाहिलं, तेवढ्या घरांत पासवर्ड बाहेर गेला तो आपल्या चांगुलपणातून. पाहुणा येतो, पाणी देण्याआधी पासवर्ड द्यावा लागतो. दिलेला पासवर्ड त्याच्या फोनमध्ये कायमचा साठतो. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून तर तो फोन एक चौकोनी क्यूआर कोड दाखवतो, दुसऱ्याने तो स्कॅन केला की झालं, आणि बहुतेक फोनांत त्याच कोडखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेलाही असतो. काही ॲप तर गावोगावचे वायफाय पासवर्ड गोळा करून सगळ्यांना वाटतात. एकाला दिलेली किल्ली किती जणांकडे गेली, ते मालकाला कधीच कळत नाही.

बरं, किल्लीच कशाला लागते? घराला भिंती आहेत, दाराला कडी आहे. पण वायफाय म्हणजे रेडिओ. मालवा हाउसमधून, म्हणजे इथल्या आकाशवाणी केंद्रातून, निघालेलं प्रसारण ज्याच्याकडे रेडिओ आहे त्या प्रत्येकाच्या घरी पोचतं, तसंच तुमचा राउटर हे एक छोटं केंद्र आहे, फक्त ते बोलतं आणि ऐकतंही. लहरींना 'ह्या भिंतीपाशी थांबा' असं सांगता येत नाही. राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आरपार जातात, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असतात पण भिंतीला लवकर हरतात. एकदा करून पाहा: फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि जिना उतरत पार्किंगपर्यंत चालत जा. वायफायची शेवटची रेघ जिथे जाते, तिथवर तुमच्या घराची हद्द आहे. काकूंची हद्द मल्टीच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीपर्यंत होती. तिथे बसलेल्या माणसाच्या आणि काकूंच्या घराच्या मध्ये उभा असतो तो फक्त पासवर्ड.

तो कसा उभा असतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

वायफायचं पहिलं कुलूप १९९७ साली आलं, वेप नावाचं. २००१ मध्येच संशोधकांनी त्यातली चूक जाहीर केली. पुढे ते काही मिनिटांत उघडणारी साधनं कोणालाही मिळू लागली. २००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आलं आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२, जे आजही बहुतेक घरांत आहे. त्याची रचना चांगली आहे. तुमचा पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. फोन आणि राउटर दोघेही पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन मुद्दाम वेळखाऊ केलेलं एक गणित हजारो वेळा करतात, आणि 'माझं उत्तर तुझ्याशी जुळतं' एवढं सिद्ध करणाऱ्या चार चिठ्ठ्या एकमेकांना पाठवतात.

गोम त्या चार चिठ्ठ्यांतच आहे. हवेतून जाणारी चिठ्ठी कोणीही टिपू शकतो. टपरीवर बसलेल्या माणसाने तुमच्या फोनला क्षणभर जोडणीबाहेर ढकललं की फोन आपोआप पुन्हा जोडतो आणि चिठ्ठ्या पुन्हा जातात. त्या टिपून तो घरी जातो. आता त्याला तुमच्या राउटरची गरज नाही. तो आपल्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड धरून तेच गणित करतो आणि चिठ्ठीशी ताडून बघतो. तीनदा चुकला की एटीएमसारखं अडवणारं तिथे कोणीच नसतं. राउटरला ह्यातलं काही कळतही नाही.

मग प्रश्न एवढाच, की त्याला किती अंदाज करावे लागतील. गेम खेळण्यासाठी मिळणारं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साधारण दहा लाख पासवर्ड तपासतं. हा आकडा धरून हिशेब करू.

आपल्याकडे फायबर जोडायला आलेले भैया काय विचारतात ते आठवा. "आंटीजी, पासवर्ड क्या रख दूँ? मोबाइल नंबर रख देता हूँ, याद रहेगा।" काकूंकडेही असंच झालं होतं. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ४०० कोटी. सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने ते सगळे तपासायला ४,००० सेकंद लागतात, सव्वा तासही नाही. जन्मतारीख ठेवली असेल तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून साडेछत्तीस हजारच होतात, त्याला एक सेकंदही लागत नाही. कुठलेही आठ आकडे घेतले तर १० कोटी, म्हणजे १०० सेकंद. आडनाव आणि पुढे 'ॲट वन टू थ्री' हा तर अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या पासवर्डांच्या प्रत्येक यादीत सुरुवातीलाच असतो. आणि काकूंचा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहिलेला आहे, त्याला कार्डही लागणार नाही.

आता दुसरीकडून बघा. आपल्या रोजच्या बोलण्यातले ७,००० शब्द घेतले, त्यांच्या चिठ्ठ्या करून डोळे मिटून चार उचलल्या, तर तेच कार्ड पाऊणशे वर्षं चालवावं लागेल. कोणी शंभर कार्डं लावली तर मात्र वर्षाच्या आत येईल. म्हणून मी पाच शब्द सांगते. मग शंभर कार्डांनाही पाच हजारांहून जास्त वर्षं लागतात. खलबत्ता, रिक्षा, पारवा, सुतळी, बुधवार. (हेच ठेवू नका, छापून आले की ते यादीत गेले.) रोमन अक्षरांत लिहायचे, ६३ अक्षरांपर्यंत पासवर्ड चालतो. शब्द चिठ्ठ्या टाकून निघालेले हवेत, एकमेकांशी संबंध नसलेले. आवडत्या अभंगाची ओळ हा पासवर्ड कच्चा असतो, कारण ती ओळ आणखी लाखो जणांना पाठ आहे. असे पाच शब्द काकूंना दुसऱ्या दिवशी न बघता म्हणता येत होते. चिन्हं आणि आकडे कोंबलेले दहा अक्षरी पासवर्ड लोक विसरतात आणि मग फ्रिजवर चिकटवतात.

२०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आलं. त्यात चिठ्ठ्या घरी नेऊन अंदाज करत बसण्याची सोय काढून टाकली आहे, प्रत्येक अंदाज प्रत्यक्ष राउटरसमोर येऊनच करावा लागतो. जेल रोडवर नवा राउटर घ्यायला गेलात तर खोक्यावर हे नाव शोधा. घरातली जुनी उपकरणं त्याला जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालणारं मिश्र सेटिंग असतं. सेटिंगच्या पानावर 'वेप' किंवा 'ओपन' (म्हणजे कुलूपच नाही) दिसलं तर मात्र त्याच दिवशी बदला.

एक चोरदरवाजा वेगळा सांगायला हवा. बऱ्याच राउटरवर डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, पासवर्ड न टाकता जोडण्यासाठी. त्याच्याच जोडीला आठ आकडी पिनचीही सोय असते. आठ आकडे म्हटल्यावर मजबूत वाटतं, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार बरोबर आहेत की नाहीत ते वेगळं सांगून टाकतो. त्यामुळे १० हजार अधिक १ हजार, एवढेच अंदाज उरतात. ही चूक २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. तुमचे पाच शब्द कितीही भक्कम असले तरी हा दरवाजा उघडा असेल तर माणूस तिथून आत येतो. हे बंद करा, त्यावाचून काही अडत नाही.

काकांनी मला मधेच विचारलं, "पण आला कोणी वायफायवर, तर नेणार काय? पैसे तर बँकेत आहेत." प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर भीती न वाढवता द्यायला हवं.

बँकेचं ॲप किंवा पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारी वेबसाइट तुमच्या फोनपासून बँकेपर्यंत स्वतःचं बंद पाकीट वापरते. वायफायवर बसलेल्या परक्याला तुम्ही कोणत्या बँकेशी बोलताय हे साधारण कळू शकतं, पासवर्ड आणि शिल्लक दिसत नाही. त्यामुळे 'वायफायवर आला आणि खातं रिकामं केलं' असं सरळ होत नाही. नेट हळू चालणं हा त्रास आहेच, काकूंचं व्हिडिओवरचं चित्र त्यानेच थिजत होतं. संध्याकाळी वरची चार मुलं एकदम सिनेमे उतरवायला बसली की लाइन भरून जायची. पण तो सगळ्यात लहान तोटा.

मोठा तोटा नावाचा. घरात सतरा उपकरणं असोत की पाच, बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो, आणि कंपनीच्या दप्तरात त्या पत्त्यापुढे बिल भरणाऱ्याचं नाव असतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलिस पोचले ते नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचं वायफाय दुसऱ्यांनी वापरलं होतं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. ज्यांचं वायफाय होतं त्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, पण पोलिस आधी त्यांच्याच दारात आले. आज असा प्रकार इतक्या टोकाला जाईलच असं नाही, पण कोणाला घाणेरडे मेसेज पाठवणं, खोट्या नावाने खरेदी करणं, एखाद्या मुलीला छळणं, ह्यासाठीही पत्ता तुमचाच वापरला जातो. सत्तरीच्या माणसाला सायबर सेलच्या बाकावर बसून 'तो मी नव्हे' सांगायला लागणं, ह्याची कल्पना करा.

दुसरं, आतल्या घराचं. वायफायवर आलेला माणूस इंटरनेटवर जातो तसा तुमच्या घरातही येतो. प्रिंटर, टीव्ही, लॅपटॉपवर शेअर करून ठेवलेला फोल्डर, हे सगळं एकमेकांना दिसतं. काकूंच्या टीव्हीवर एकदा आपोआप कुठलंसं गाणं सुरू झालं होतं आणि त्यांनी टीव्ही बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावला होता. वरच्या मुलाने चुकून आपल्या फोनवरून टीव्ही निवडला असणार, दुसरं काही नाही.

पण कॅमेरा वेगळा. मी काकूंना विचारून त्याचं पान उघडलं. त्याच्या खोक्यावर छापलेला मूळ पासवर्ड तसाच होता, बदललाच नव्हता. माझ्या फोनवर त्यांचा हॉल आला. दिवाण, काकांची आरामखुर्ची, कोपऱ्यात देवघराचं अर्धं दार, आणि पोह्यांची बशी हातात घेऊन उभ्या असलेल्या काकू. त्यांनी स्क्रीनवर स्वतःला पाहिलं आणि पदर सावरला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे वरच्या पोरांनाही..." मी सांगितलं, ते कोणी बघत असतील असं मला वाटत नाही. पण बघायचं ठरवलं असतं तर अडवणारं काही नव्हतं. मुलाने आईवडिलांच्या काळजीपोटी लावलेला तो कॅमेरा. त्या संध्याकाळी सगळ्यात आधी मी त्याचाच पासवर्ड बदलला.

तिसरं नुकसान सहसा दिसत नाही आणि मला स्वतःला ते सगळ्यात गंभीर वाटतं: राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालणं. घरातल्या किल्ल्या दोन आहेत, हे बहुतेकांना माहीतच नसतं. एक वायफायचा पासवर्ड. दुसरा राउटरच्या पानाचा, जिथे मी 'अॅडमिन' लिहून शिरले. पहिली किल्ली सगळ्यांना देऊन बसलात आणि दुसरी कारखान्यातून आली तशीच ठेवलीत, तर आत आलेला माणूस घरातल्या खोल्यांची दारं आपल्या सोयीने हलवू शकतो.

समजा त्याने एकच गोष्ट बदलली, डीएनएस. इंटरनेटवर प्रत्येक वेबसाइटचा खरा पत्ता आकड्यांत असतो. आपण नाव लिहितो, आणि फोन आधी एका डिरेक्टरीला विचारतो की ह्या नावाचा आकडा काय. कोणत्या डिरेक्टरीला विचारायचं, हे फोनला राउटर सांगतो. तिथे भामट्याची डिरेक्टरी लिहून ठेवली की तुम्ही नाव बरोबर लिहूनही भलत्याच दारी पोचता. हे पुस्तकी उदाहरण नाही. डीएनएस बदलणाऱ्या एका टोळीने जगभरातले ४० लाखांहून जास्त कॉम्प्युटर असे वळवले होते. त्यांच्या प्रोग्रामला जिथे राउटरचा मूळ पासवर्ड तसाच सापडायचा, तिथे तो राउटरची डिरेक्टरीही बदलून टाकायचा. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआय ह्या अमेरिकेच्या तपास संस्थेने ती टोळी उघडकीला आणली. म्हणूनच ब्राउझरने 'ही जोडणी सुरक्षित नाही' असं लाल पान दाखवलं की कंटाळून 'पुढे जा' दाबू नका. नकली दाराला खऱ्या कुलपाची नक्कल सहज करता येत नाही, आणि तो इशारा नेमका त्यासाठीच असतो.

आणि ह्या दुसऱ्या किल्लीसाठी कोणी तुमच्या मल्टीखाली यावंच लागतं असंही नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका प्रोग्रामने जगभर फिरून कॅमेरे, राउटर अशी उपकरणं काबीज केली. त्याच्याकडे होती फक्त साठेक नावं आणि पासवर्डांची यादी, 'अॅडमिन, अॅडमिन' अशा जोड्यांची. ज्यांनी कारखान्याचा पासवर्ड बदलला नव्हता ती उपकरणं त्याच्या हाती लागली. २१ ऑक्टोबरला अशा लाखभर गुलाम उपकरणांनी मिळून एका मोठ्या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा साइट काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात सामील होते, त्यांना पत्ताही नव्हता. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाच्या प्रोग्रामने ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि साठवणीची उपकरणं धरली, तेव्हा एफबीआयने लोकांना आपापले राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं.

म्हणून राउटरचं अपडेट. वर्षानुवर्षं कपाटावर धूळ खात दिवे लुकलुकवणारा तो डबा हाही एक कॉम्प्युटर आहे, त्यातही चुका सापडतात. २०१७ मध्ये खुद्द डब्ल्यूपीए-२ मध्येच एक चूक सापडली होती, आणि फोन-राउटर अपडेट केल्यावर ती बुजली. राउटरच्या पानावर 'फर्मवेअर' (राउटरच्या आतला प्रोग्राम) असा भाग असतो, तिथे आपोआप अपडेट चालू करता येत असेल तर करा. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हे काम अनेकदा कंपनीच करते. तसं असेल तर फोन करून विचारून घ्या. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून राउटरचं पान उघडण्याची सोय, असं काही चालू दिसलं आणि त्याची गरज नसेल तर तेही बंद करा. कंपनी राउटर दुरून सांभाळत असेल तर आधी त्यांना विचारा.

लोक दोन उपाय मोठ्या विश्वासाने करतात, त्यांचा फारसा उपयोग नाही. एक, वायफायचं नाव लपवणं. नाव यादीत दिसत नाही, पण तुमचा फोन जोडताना ते उच्चारतोच, आणि ऐकणाऱ्याला मिळतं. दुसरा, ठरावीक उपकरणांचे क्रमांक नोंदवून फक्त त्यांनाच आत घेणं. तो क्रमांक हवेतून उघडा जातो, त्याची नक्कल करता येते. शिवाय फोन बनावट क्रमांक देतात म्हटल्यावर तुमचाच फोन बाहेर राहतो. ह्यात वेळ घालवण्यापेक्षा तोच वेळ पाच शब्दांच्या चिठ्ठ्या करण्यात घालवा.

काकूंकडे खरा पेच वेगळाच होता. पासवर्ड बदलायला त्या तयार होत्या, पण बाईंच्या मुलीचा अभ्यास कसा बंद करायचा? वरच्या मुलांना एकदम नाही कसं म्हणायचं? पाहुणे आले की काय सांगायचं? आपल्या घरांतून ह्या प्रश्नाला बगल देऊन सुरक्षा येणार नाही, कारण काकू आठ दिवसांत नवा पासवर्डही देऊन टाकतील. त्या तशाच आहेत आणि तशाच राहाव्यात.

मी त्यांना त्यांच्या माहेरच्या वाड्याची आठवण दिली. रामबागेत त्यांचा वाडा होता. आल्यागेल्याला ओसरी होती. पाणी, गूळ, चहा, सगळं तिथे मिळायचं, कोणी उपाशी गेलं नाही. पण माजघरात घरची माणसं जायची. राउटरमध्ये नेमकी हीच सोय आहे, तिला गेस्ट नेटवर्क म्हणतात. एकाच डब्यातून दुसऱ्या नावाचं, दुसऱ्या पासवर्डचं वायफाय निघतं. त्यावर जोडलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातला टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप दिसत नाही. अनेक राउटरमध्ये त्याला वेगाची मर्यादाही घालता येते. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत, असं एक सेटिंग तिथेच असतं, 'आयसोलेशन' नावाचं, ते चालू आहे ना तेवढं बघून घ्यायचं. लक्षात ठेवा, ओसरीवरून काही केलं तरी बाहेर दिसणारा पत्ता तुमचाच. म्हणून ओसरीचा पासवर्डही ओळखीच्यांनाच द्यायचा, आणि तो दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. माजघराच्या पासवर्डला हात न लावता हे करता येतं, त्यामुळे टीव्ही-कॅमेरे पुन्हा जोडत बसावं लागत नाही.

तासाभरात सगळं झालं. राउटरच्या पानाचा पासवर्ड बदलला आणि काकूंच्या डायरीत, औषधांच्या वेळापत्रकाच्या मागच्या पानावर लिहिला. घरातल्या डायरीत लिहायला माझी हरकत नाही. टपरीवरच्या माणसाला डायरी दिसत नाही. डब्ल्यूपीएस बंद केलं. चिठ्ठ्या करून पाच शब्द काढले, काकांनी मोठ्या हौसेने उचलले. वायफायच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर होता, तो काढला, कारण कोणतं वायफाय कुणाचं हे रस्त्यावरच्याला सांगायचं काही कारण नाही. बदल सेव्ह झाल्याबरोबर यादी रिकामी झाली, आणि आम्ही घरची पाच उपकरणं एकेक करून आत घेतली. ओसरीचा पासवर्ड काकूंनी चिठ्ठीवर लिहून बाईंच्या मुलीच्या वहीत ठेवला. रात्री वरचा एक मुलगा जिन्यावरून आलाच, "आंटी, वायफाय बंद है क्या?" त्यालाही चिठ्ठी मिळाली, आणि संध्याकाळी सात ते आठ सिनेमे उतरवायचे नाहीत अशी ताकीदही.

तुमच्या यादीत खरोखर परकं कोणी सापडलं आणि त्याने काही केल्याचा संशय असेल, तर पासवर्ड बदलण्याआधी त्या यादीचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. राउटरमध्ये नोंदींचं पान असेल तर त्याचाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० ला फोन करा. पैसा दुसऱ्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवण्याची शक्यता तेवढ्यातच असते. बाकी तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात देता येतात.

परवा काकूंचा फोन आला. आता त्या दर रविवारी स्वतः यादी उघडतात. "अगं, सहा दिसतायत. आपली तर पाचच आहेत." नाव काय लिहिलंय, मी विचारलं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं. मुलगा शुक्रवारी रात्री पुण्याहून आला होता, त्याचाच फोन. घरचा पासवर्ड काकांनी न विचारताच त्याला देऊन टाकला होता.

"मग त्याला ओसरीचा द्यायला हवा होता का गं?"

"नाही हो काकू," मी म्हटलं, "त्याला माजघरात येऊ द्या."